येळवशीचा

किल्लारीच्या फाट्यावरच्या हॉटेलात वकारनं पाठीवरची सॅक उतरवली न् आतून केकचा डबा काढला. लातूरपासून केक सायकलवर हिंदकळत आला होता. एका कोपऱ्याचं पार भरीत झालं होतं.

"तरी म्हटलं, पंक्चर नाही, काही नाही, तू सारखा मागं का राहतोयस," सोमेश म्हणाला.

"मग! तुझ्या गावात तुझा बर्थडे. टाळ्या मात्र हळू हां स्वप्नाली, गावाचा दुःखाचा दिवस आहे."

आज तीस सप्टेंबर. लातूरच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी सोमेशची जन्मतारीख वाचली, तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, "अरे, हा तर भूकंपाचा बर्थडे!" सगळी बॅच हसली. सोमेशही हसला, आणि तिथंच घोटाळा झाला. एकदा हसल्यावर सांगायचं कसं, की ढिगाऱ्यातून काढलेल्या तीन वर्षांच्या पोराची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून वसतिगृहाच्या मास्तरांनी हीच लावून टाकली? आई त्याच पहाटे गेली. त्या हसण्यापासून दर वर्षी लोक त्याला आईच्या दिवशी केक भरवतात, आणि तो मुकाट्यानं खातो.

यंदा मात्र त्यानं सायकलच्या पिशवीत तेलाची बाटली न् वाती आणल्या होत्या.

"मी जुन्या गावाकडं जाऊन येतो," तो म्हणाला. "एक दिवा लावायचाय."

"आज? वेडा आहेस का?" स्वप्नालीनं त्याचं मनगट धरलं. "वाढदिवसाच्या दिवशी तसल्या जागी जाऊ नये. पुन्हा कधीतरी जाऊ, सगळे मिळून."

ती मायेनं बोलली, म्हणून तर त्याला हात सोडवता येईना. तो खाली बसला. सायकल सहलीत नांदेडपासून दोन दिवस चाकाला चाक लावून आलेली ही बॅचमधली माणसं. त्यांच्यात बसून इतकं एकटं वाटतंय, याची त्याला लाज वाटली.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी ताटात पणती घेऊन दम खात बसली होती. तीही जुन्या गावाकडंच निघालेली. "उमाबाई, च्या घे गं," हॉटेलवाला म्हणाला, पण तिचं लक्ष केककडं होतं.

"कुणाचा वाढदिस रे बाबा?"

"याचा, आजी," वकार मेणबत्ती पेटवत म्हणाला. "इथलाच आहे हा."

"आमच्या नातीचा, सिंधुचाबी, वसतिगृहात आजच लावलाय मास्तरानं."

"अरे वा! मग सिंधुताईला पण एक पीस न्या!"

उमाबाईनं वकारकडं बघितलंच नाही. ती सोमेशकडं बघत होती.

"कुणाचा रे तू?"

"दानम्माचा."

तिनं ताट खाली ठेवलं. हात पदराला पुसले न् त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दानम्माचा सोमू? अगं बाई! आन् तुझा कसला रे आज? तू तर येळवशीचा! ऐन थंडीत, येळवशीच्या अवसेला, समदा गाव शेतात पुजायला-जेवायला जातो त्या दिवशी, दानम्मा आंबिलीचं मडकं डोक्यावर घिऊन शेतात गेली न् तिथंच कळा लागल्या. कडब्याच्या कोपीत झालास तू. ह्याच पदरानं पुसलंय तुला."

आपण कधी जन्मलो हे ठाऊक असलेलं माणूस जगात उरलेलंच नाही, असं सोमेश इतकी वर्षं धरून चालला होता. त्याला रडू आवरेना. त्यानं पिशवीतून तेलाची बाटली काढली, उमाबाईचं ताट उचललं आणि तिला हाताला धरून उठवलं.

"अरे कुठं चाललास? मेणबत्ती तर विझव!" वकार मागून ओरडला.

"राहू दे, जळू दे," सोमेश म्हणाला. "आज माझा वाढदिवस न्हाई. येळवशीला हाय. तवा या सगळे, शेतात."