शेवटची दोन रिळं

खिळा वाकला. तूवा हातोडी खाली घेऊन हसली, तसे जमलेले आठ-दहा जणही हसले. इथली रीतच तशी: नवा प्रबंध विभागाच्या दाराजवळच्या फळीवर ज्याचा त्यानं ठोकायचा, मग कॉफी आणि केक. तीन आठवड्यांनी तूवाला परीक्षकांसमोर त्याचा जाहीर बचाव करायचा होता.

तिची मार्गदर्शक गुनवोर कप धरून मागे उभी होती. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार. स्वीडनचे मूकपट तिनं एकतीस वर्षं शिकवले. त्यातला एक तर तिनं स्वतः तुकडे गोळा करून जोडलेला. मच्छीमाराची बायको शेवटी समुद्रात शिरते, पाणी मिटतं, संपलं. त्या मरणावर गुनवोरचं पुस्तक, आणि पुस्तकावर तिची प्राध्यापकाची खुर्ची.

तूवाला सेन्सॉरचं जुनं कार्ड सापडलं होतं, रिळांचा क्रम लिहिलेलं. तिच्या प्रबंधात तेच होतं: गुनवोरनं शेवटची दोन रिळं उलट्या क्रमानं जोडली होती. बाई समुद्रात शिरते ती आधी. मग बाहेर येते, ओला झगा दोरीवर टाकते आणि मासे साफ करायला बसते.

विभागप्रमुख रागनार केक कापता कापता म्हणाला, चूक कुणाचीही होते, तेव्हा कार्ड कुठं कुणी पाहिलं होतं. गुनवोरनं मान डोलावली.

तूवा दुसरा खिळा घ्यायला तिच्याजवळ आली.

"गुनवोर, ते कार्ड ज्या खोक्यात होतं, त्याच्या नोंदवहीत माझ्याआधी एकच सही होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझी. अकरा वर्षांपूर्वीची."

गुनवोरनं कप खिडकीत ठेवला. बाहेर हिवाळ्याचा काळोख दुपारी तीनलाच पडला होता.

"मग प्रबंधात लिहिलं का नाहीस?"

"नाही लिहवलं." तूवा खिळ्यांच्या डबीत बोट फिरवत राहिली. "तेव्हा मी तुझ्या वर्गात होते. ती बुडाली तेव्हा रडले होते मी. तुला तर ठाऊक होतं."

"सगळेच रडायचे," गुनवोर म्हणाली. "मासे साफ करणाऱ्या बाईसाठी कोण रडतं?"

तिनं डबीतून एक लांब खिळा उचलला. फळीपाशी गेली, प्रबंधाच्या कोपऱ्यात पाडलेल्या भोकात तो बसवला आणि दोन बोटांनी घट्ट धरला.

"मार."

"आधी बोटं काढ."

मागून रागनारही तेच म्हणाला. गुनवोरनं बोटं काढली नाहीत.