एका कान्याचा फरक

शनिवारी दुपारी बालवाडीच्या ताईंनी पेटीचं कुलूप काढलं, तेव्हा सोनूबाई पुढच्याच रांगेत ठाण मांडून बसल्या होत्या. मुलं कशी वाढवायची हे त्यांना शिकायचं नव्हतं. त्यांना चोर पकडायचा होता.

जोगेश्वरीच्या त्या चाळीत महिला मंडळाने पेटी लावून तीन महिने झाले होते. मुलांबद्दल काही अडलं तर चिठ्ठी टाकायची. नाव लिहायचं नाही. शनिवारी बालवाडीच्या या अनुपमाताई ती मोठ्याने वाचून उत्तर द्यायच्या. नाव लिहायचं नाही म्हटल्यावर चाळीला दुसरा उद्योग उरला नाही. सगळ्यांचा डोळा एकीवर होता. ती खाली ‘एक आई’ लिहायची.

पहिल्यांदा तिने विचारलं, ‘मुलीची वेणी दुपारपर्यंत सुटते. काय करावं?’

“ही कसली गं आई!” शेजारची शकु खिदळली. “उद्या विचारेल, पोरीला पाणी कसं पाजू.”

दुसऱ्यांदा विचारलं, ‘मुलगी जेवताना गोष्ट मागते. मला लंगड्या बगळ्याची एकच येते.’

तिथे सोनूबाईंची खात्री पटली. ही त्यांचीच सून, सुलक्षणा. नात लता बालवाडीत जायची ती वाकड्या वेणीने. लंगडा बगळा खुद्द सोनूबाईंनी रचलेला, सुनेने तो बिनदिक्कत उचलला. चिठ्ठीचा गुलाबी कागदही घरातल्याच उदबत्तीच्या पुड्याचा. सोनूबाई सकाळी सहाला पार्ल्याला पोळ्या करायला निघत, सून सातला कंपनीत. पेंगणाऱ्या पोरीच्या केसांतून कशीबशी बोटं फिरवून पळत असेल, दुसरं काय! आणि वर चाळभर शोभा. मुलगा दशरथ बिचारा सकाळभर घरी, पण पुरुष माणूस. तीनला डबा घेऊन मरोळच्या वर्कशॉपात जायचा, रात्री यायचा. त्याला यातलं काय कळणार?

ताईंनी घडी उलगडली. कागद गुलाबी होता.

“मुलगी रोज विचारते, डबा घेऊन कुठे? कामावर, असं मी खोटंच सांगते. काम सुटून दोन महिने झाले. घरी कुणाला माहीत नाही. मुलीला खरं कधी सांगावं? एक आई.”

म्हणजे नोकरीही घालवली आणि घरात लपवलं! सोनूबाई ताडकन उठल्या. “बघू, द्या इकडे.”

प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या गेल्याच वर्षी वाचायला शिकल्या होत्या. तेव्हापासून दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढत हिंडायच्या. आता अक्षरांवरून बोट फिरता फिरता एका जागी थांबलं.

“ताई, काना खाल्लात तुम्ही! सांगते कुठाय? इथे सांगतो लिहिलंय.”

ताईंनी मान खाली घातली. काना त्यांनी चुकून खाल्ला नव्हता.

सोनूबाई कागदाकडे बघत राहिल्या. पुरावे सगळे तेच होते. वेणी, उदबत्तीचा पुडा, डबा. आणि बगळा. तो त्यांनी सुनेला कधी सांगितलाच नव्हता. गावी, चुलीपुढे, पेज भरवताना एकाच पोराला सांगितला होता.

“सांगतो?” शकु पुढे सरकली. “अगं बाई, म्हणजे बाप्या आहे की काय? कोण गं मावशी? बघू बघू!”

सोनूबाईंनी कागद लांब धरला, मग नाकाशी आणला.

“कसला बाप्या नि काय! माझेच मेले डोळे गेले. सांगतेच आहे.”

आपलं चुकलं असं सोनूबाई म्हणाल्याचं चाळीने पहिल्यांदाच ऐकलं. त्या नादात चिठ्ठी त्यांच्या पोलक्यात कधी गेली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

घरी पोहोचल्या तेव्हा तीनला पाच मिनिटं होती. दशरथ चपला चढवत होता. डबा उंबऱ्यापाशी तयार होता. लता दारात उभी होती, वेणी सुटलेली.

सोनूबाईंनी डबा उचलून आत फळीवर ठेवला. कोनाड्यातला कंगवा काढला, मुलाच्या हातात दिला आणि गावच्या बोलीत म्हणाल्या,

“बस हंय. पेड सैल धरतंस मेल्या, म्हणान सुटता वेणी.”