मिठाचं रान

"पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. लागल्यावर प्यालं की उशीर झालेला असतो."

काकांचा हा जुना, दरडावणीचा आवाज काकूंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. आता मात्र बाटलीचं झाकण काकूच उघडत आणि काकांच्या हाती देत. काका दोन घोट घेत आणि अदबीनं म्हणत, "आभारी आहे हं, बाई." ट्रकभर हसू पिकत असे.

सहलीची बस म्हणायची, पण होता ट्रकच. हौद्यात बाकं ठोकलेली, टपावर तंबूंच्या वळकट्या, खाली पाण्याच्या टाक्या. आत येणारा वारा तापल्या तव्यावरून उठल्यासारखा. बाकी मंडळी तरणीताठी, हौसेनं भटकायला आलेली. काकू मात्र एकाच गोष्टीसाठी आल्या होत्या.

तरुणपणी काकांनी याच मुलखात मालाचे ट्रक चालवले होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना सांगितलं होतं, "तिकडे मिठाचं रान आहे. नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र. तुला एकदा दाखवणार. शब्द देतो." मग मुली झाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, शब्द राहून गेला. काकांचं विसरणं सुरू झालं तेव्हा काकूंनीच कंबर कसली.

"आई, या वयात तंबूत झोपणार तू?" मुलगी कडाडली होती.

"सगळं पुसलं जायच्या आत एकदा त्यांना तिथे उभं करायचंय गं. मग काय व्हायचं ते होवो."

पण गाइडनं निघतानाच बजावलं होतं: ज्याला स्वतःचं भान राहणार नाही, त्याला पुढच्या गावी उतरवून घरी पाठवणार. इथलं ऊन कुणाची गय करत नाही. म्हणून काकू झाकत राहिल्या. काकांच्या स्वयंपाकाच्या पाळीला भाजीत दोनदा मीठ पडलं. "माझाच हात सुटला," काकू म्हणाल्या. काका दुसऱ्यांच्या तंबूत जाऊन निजले. "मीच पाठवलं, आमच्यात मुंग्या झाल्यात," काकू म्हणाल्या. एरवी एक शब्द खोटा न बोलणारी बाई. रोज सकाळी तंबूच्या खुंट्या उपटताना देवाची क्षमा मागत असे.

ट्रक हलायच्या आधी गाइड हजेरी घेई. त्याची रीत अशी, की स्वतःचं कुणी सांगायचं नाही, जोडीदाराचं सांगायचं.

"काका, जोडी?"

काका शेजारी बसलेल्या काकूंकडे बघत. मग दाराबाहेर बघत.

"अजून यायचीय."

की हशा. "काकू, लक्ष ठेवा हो," सोबतची एक दातांची डॉक्टरीण ओरडे, "काकांनी दुसरी ठरवलेली दिसतेय!"

"मेलं, हे काय थट्टेचं वय आहे!" काकू लटक्या रागानं म्हणत आणि गाइडला सांगत, "आहे रे बाबा, दोघंही आहोत." लग्न झाल्यापासून काका त्यांना असंच चिडवत आले होते. थट्टा तरी विसरले नाहीत, म्हणून त्या मनातल्या मनात हात जोडत.

त्या दुपारी ट्रक एका उंचवट्यावर थांबला आणि सगळे बाकांवरून उठले. समोर पांढरंशुभ्र. नजर पोचेल तिथवर. आभाळ कुठे टेकलंय तेही कळत नव्हतं.

पोरं फोटोंसाठी खाली पळाली. काका हळूच उतरले. त्यांच्या तोंडावर असं तेज काकूंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "हेच," ते पुटपुटले, "हेच ते." काकूंचे डोळे भरून आले.

काकांनी वाकून बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. पिशवी खांद्याला लावली.

"अहो, कुठे निघालात?"

"घरी," काका म्हणाले. मग जरासे लाजले. "आमच्या मंडळींना घेऊन येतो. हे दाखवीन म्हणून कधीचं कबूल केलंय. बिचारी वाट बघत बसली असेल. एवढी माझी जागा धरून ठेवाल का, बाई?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. कधीच नव्हता.

काकांनी आपली बाटली त्यांच्या हातात ठेवली. "ही असू द्या तुम्हाला. तहान लागायच्या आधी प्या हं."

"काकू!" उतारावरून गाइडनं हाक दिली. "जोडी आहे ना?"

काकूंच्या घशाला कोरड पडली होती.

"आहे," त्या म्हणाल्या.

आणि चाकांच्या खुणांवरून, आल्या वाटेनं, काका काकूंना आणायला निघाले.