शनिवारचे शंख

नऊ वाजता भरती होती.

घड्याळजींनी भिंग लावून भरती-ओहोटीचा तक्ता पुन्हा पाहिला. आज शनिवार, नऊला समुद्र काठोकाठ. शंख वेचायचे ते ओहोटीला. मग आठला गेलेली बायको अकरापर्यंत वेचतेय तरी कुठे?

दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्यांचा पाय अधू झाला. तेव्हापासून त्यांच्या छंदापायी ती बिचारी दर शनिवारी किनारा तुडवायची. तक्ता बघायचं त्यांना कारणच उरलं नव्हतं. आज एका गिऱ्हाइकानं नवा आणून दिला आणि डोक्यात किडा वळवळला.

बायकोच्या हाताला यश मोठं. एक शंख फुटका नाही की एकाला कुजका वास नाही. घड्याळजी ते धुऊन आत तोंडाशी काळ्या शाईनं बारीकसा क्रमांक घालायचे. ती मुंग्यांची पावलं आपल्याला कधी दिसलीच नाहीत, असं बायको हसून म्हणायची.

२११ आणि २१२ ही तर त्यांची जुळी पोरं, एकाच दिवशी सापडलेली. २११ कपाटात होता. २१२ त्यांनी आपल्या जिवलग मित्राला, फोटोवाल्याला दिला होता. पुढे बायको फोटोवाल्याला पाण्यात पाहू लागली. त्याची नजर वाईट आहे, म्हणाली. घड्याळजींनी तीस वर्षांची दोस्ती तोडून टाकली. बायकोपुढे मित्र कसला?

बायको आली. त्यांनी तक्ता पुढे करून विचारलंच.

ती चिडली नाही. नुसती खुर्चीत टेकली. भरती होती म्हणूनच खडकाखडकांतून हिंडावं लागलं, म्हणाली. मग तिनं पिशवी टेबलावर उपडी केली.

"हे काय आभाळातून पडले? ज्यांच्यासाठी करावं, त्यांनीच संशय घ्यावा?"

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांगळ्या नवऱ्यासाठी जी एवढं करते, तिच्यावर आपण शंका घेतली! त्यांनी हात जोडून माफी मागितली. डोळे पुसत ती चहा टाकायला आत गेली.

त्यांचा जीव भांड्यात पडला. या आनंदात त्यांनी सगळ्यात मोठा शंख उचलला आणि ब्रशनं घासायला घेतला. आतून वाळू नाही, धूळ निघाली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

आत तोंडाशी, काळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : २१२.