निळ्या टोपणाची ट्यूब

“दोन्ही बाजू सारख्याच,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तपासणीचा दिवा मालवला. “तुमच्या ताईंच्याच नाही, सगळ्याच पेशंटच्या. काही फरक नाही. प्रयोग इथेच थांबवावा लागेल.”

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. वाळवंटातल्या एका जाड पानांच्या झाडावर तिने उमेदीची वर्षं घालवली होती. पाऊस नाही, सावली नाही, तरी त्याच्या पानातला गर ओलाच राहतो. रेडिएशनने होरपळलेल्या कातडीला तो आराम देईल, असं ती छातीठोकपणे सांगत आली होती. स्तनाचा कॅन्सर जाळायचं काम मशीनचं. पण कातडी सोलवटली की वेदनेपायी उपचार मध्येच थांबवावे लागतात. ते थांबू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

प्रत्येक बाईला दोन ट्यूब मिळत. शेकलेल्या भागाच्या वरच्या अर्ध्याला निळ्या टोपणाची, खालच्या अर्ध्याला पांढऱ्या. एकीत गर, दुसरीत साधं मलम. कुठलीत काय, हे ना बायकांना ठाऊक, ना धाकटीला. आता प्रयोग गुंडाळायचाच म्हणून डॉक्टरांनी ते सांगून टाकलं. गर निळ्यात होता.

“एक बरं झालं,” ते म्हणाले, “यंदा कुणाचेच उपचार मध्ये थांबले नाहीत. नवीन मशीन गुणाचं आहे.”

गाऊनचे बंद बांधत ताई पडद्याआडून आली. ती निवृत्त मुख्याध्यापिका. वेटिंग रूममध्येही तिच्या धाकाने बायका नंबराप्रमाणे बसत.

“आजचा शेक शेवटचा ना?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“शेवटचा. सुटलात.”

“मग आता बोलायला हरकत नाही.” ती बहिणीकडे वळली. “पांढरी ट्यूब कुणीच लावत नाही गं.”

“म्हणजे?”

“पहिले काही दिवस लावली. मग खालची बाजू चुरचुरायला लागली. मी बाहेर सगळ्यांना विचारलं, कुणाकुणाची वरची बाजू शांत आहे, हात वर करा. झाडून सगळ्यांनी केले. ज्यांचा ऑपरेशनमुळे वर जात नव्हता त्यांनी दुसरा केला. मग मीच सांगितलं, निळी पुरवून पुरवून दोन्हीकडे लावा. खालच्या बाजूने कुणाचं घोडं मारलंय?”

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. प्रयोगाचे पार तीनतेरा वाजले होते आणि धाकटीला मात्र आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

“नव्याने सुरू करू,” डॉक्टर म्हणाले. “फक्त ह्यांना वेटिंग रूममध्ये बसू द्यायचं नाही.”

“ताई, अगं मला सांगायचंस तरी,” धाकटी म्हणाली.

“कशी सांगणार? उपचार संपेपर्यंत प्रयोगाबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलायचा नाही, हा नियम तुझाच,” ताई म्हणाली. “आणि नियम मोडायची मला सवय नाही.”