तिसरी हाक

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या ऑनलाइन ग्रुपवर सूनबाई दोन वर्षं 'फ्रॉस्ट क्वीन' या नावाने मिरवत होती. आपण एका बर्फाळ देशातल्या आहोत, अशी लोणकढी थाप तिने पहिल्याच दिवशी मारली होती. मराठी बाईच्या बीट्सवर कोण नाचणार, ही धास्ती. तिथे तिचा जिवाभावाचा दोस्त एकच, 'आइस वुल्फ'. तोही म्हणे त्याच बर्फाळ देशातला! दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांच्या बेसचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करायचे.

त्या दुपारी ती बेडरूममधून ग्रुपवर लाइव्ह वाजवत होती आणि माइक चालूच राहिला. बीट थांबली, ऐन त्या क्षणी स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, "अहो, कानातली ती बुचं काढा आधी! पानं वाढलीत, तिसऱ्यांदा हाक मारतेय!"

आणि पाठोपाठ धडाधड बीट सुरू.

ग्रुप पार येडा झाला. ही कुठली भाषा? कुठला मंत्र? सूनबाईने ठोकून दिलं, "आमच्या बर्फाळ देशातली जुनी युद्धगर्जना."

बदामांचा नुसता पाऊस पडला. पण तिचं धाबं दणाणलं होतं. आइस वुल्फ त्याच देशातला, आता तो पितळ उघडं पाडणार!

त्याचा मेसेज आलाच. दोन वर्षांत पहिल्यांदाच, चक्क मराठीत.



"सूनबाई, पहिल्या दोन हाका खरंच ऐकू आल्या नाहीत गं. सासूला सांग, आलोच."