सभापतींचं मत

बासष्ट साली नव्या पंचायत समितीत दवाखान्यासाठी दोन गावांना सारखीच मतं पडली. सभापती भगवंतरावांनी आपलं निर्णायक मत स्वतःच्या गावाला न देता डोंगरापलीकडच्या, रस्ता नसलेल्या खेड्याला दिलं. पुढच्या श्रावणात त्यांची एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि मलकापूरच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीतच गेली. बाळही वाचलं नाही. महिन्याभरात त्या खेड्यातली माणसं दवाखान्याच्या उद्घाटनाचं बोलावणं घेऊन आली आणि दारातच घुटमळली. भगवंतराव उठेनात. मंजुळाबाईंनी नवऱ्याचा कोट आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. "जा तुमी. तिथल्या पोरी तरी वाचतीन." भगवंतरावांनी विचारलं, "तू मले दोष नाई देत काय?" "देईन," त्या म्हणाल्या, "जलमभर देईन. पण आज जा."